या दारावर आधीच कोणीतरी आहे

सर्व्हर सुरू होत नव्हता. रविवारची दुपार होती. रत्नागिरीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत उर्मिला सबनीस जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून पुन्हा पुन्हा तीच आज्ञा देत होती, आणि कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा तिला नकार देत होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. निरंजनचा, तिच्या नवऱ्याचा मेसेज होता.

"आज मजा आली. बऱ्याच दिवसांनी तू अशी निवांत खेळलीस."

उर्मिलाने मेसेज वाचला, मग समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. खेळ जिथून चालतो तो सर्व्हर तिच्या डोळ्यांसमोर बंद पडलेला होता. परीक्षेचे पेपर, तोंडी परीक्षा आणि निकालाची घाई यांत गेले तीन आठवडे ती खेळाकडे फिरकलीही नव्हती.

तिने जपून उत्तर लिहिलं, "किती वेळ खेळलो आपण?"

"तासभर तरी. बांधाची शेवटची फळी तूच लावलीस ना."

तिने फोन उलटा करून ठेवला.

निरंजन कोकण किनाऱ्यापासून बराच आत, समुद्रावर तरंगणाऱ्या पवनचक्क्यांच्या तळावर देखभाल इंजिनियर होता. तळावरून घरी बोलायचं तर उपग्रहाची अरुंद वाट होती. त्यातून आवाज अडखळत जायचा, चेहरा तर जायचाच नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी या दोघांनी एक खेळ निवडला. एक ओसाड बेट, त्यावर दोन माणसं. माड लावायचे, होडी बांधायची, ओढ्याला बांध घालायचा आणि काम करता करता टाईप करून बोलायचं. तळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कामगाराला घरचा एकच इंटरनेट-पत्ता नोंदवता येत असे, त्यामुळे खेळ बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर नव्हता. तो याच खोलीतल्या याच कॉम्प्युटरवर चालायचा. उर्मिला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवत असल्याने त्याची काळजी तीच घ्यायची.

सर्व्हर का अडला होता, त्याचं निम्मं कारण तिला लगेच सापडलं. कॉम्प्युटरला पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर हजारो दारं असतात. प्रत्येक प्रोग्रॅम आपलं एक दार धरून बसतो, आणि त्या दारावर कोणी हाक मारली की ओ देतो. मध्यंतरी घरात नवा राउटर बसला होता आणि त्याने कॉम्प्युटरला घरातल्या घरात नवा पत्ता दिला होता. सर्व्हर बिचारा अजून जुनाच पत्ता मागत होता. घर बदलल्यावर माणसाने जुन्या घराच्या ओटीवर जाऊन बसायचा हट्ट धरावा, तसं ते झालं होतं. तिने सर्व्हरला सांगितलं, बाबा रे, पत्ता कुठलाही असो, आपलं दार तेवढं धर.

यावर उत्तर आलं ते मात्र वेगळं होतं. हे दार आधीच वापरात आहे.

एका दारावर एकच जण बसू शकतो. म्हणजे तिच्याच घरात, तिच्याच कॉम्प्युटरवर, तिच्या सर्व्हरच्या जागी दुसरं कोणीतरी बसून निरंजनला ओ देत होतं.

घरात उर्मिलाखेरीज एकच माणूस राहत होतं. कुंदाताई, निरंजनची थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, दुपारी याच खोलीत बसून पाखरांची चित्रं काढणारी. नवा राउटरही तिच्याच आग्रहाने आला होता.

उर्मिला स्वयंपाकघरात गेली. कुंदाताई कोकमं निवडत होती.

"कुंदाताई, राउटरवाला आला तेव्हा तो मागच्या खोलीत एकटा होता का?"

"नाही. मी होते की. का गं?"

"आणि त्यानंतर तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला हात लावला होता?"

"पुसलाय फक्त. धूळ किती बसते त्याच्यावर."

"निरंजनशी खेळात कोणीतरी बोलतंय. माझ्या नावाने."

कुंदाताईचे हात थांबले. तिने भावजयीकडे पाहावं तसं नव्हे, तर वर्गातल्या खोटं बोलणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं उर्मिलाकडे पाहिलं.

"म्हणजे मी? माझ्या सख्ख्या भावाशी मी त्याची बायको होऊन बोलेन, असं वाटतं तुला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायचं काय राहिलं मग?" ती ताट उचलून मागच्या अंगणात गेली. त्या दिवशी दोघी जेवायला एकत्र बसल्या, पण मिठाची वाटी मागण्यापलीकडे कोणी बोललं नाही.

सोमवारी कॉलेजातून आल्यावर उर्मिलाने दार अडवणाऱ्या प्रोग्रॅमचा माग काढला. तो बंद केला, तर क्षणभराने तो आपोआप उठून पुन्हा त्याच दारावर बसला. त्याचं मूळ शोधत गेली तेव्हा ती खेळाच्याच फोल्डरमध्ये पोहोचली. उन्हाळ्यात खेळाची नवी आवृत्ती आली होती, तिच्याबरोबर हाही आला होता. त्याची माहिती तिथेच होती, फक्त तिने ती कधी वाचली नव्हती. 'मान्य' हे बटण तिने स्वतःच दाबलं होतं.

कंपनीने त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. काम साधं होतं. खेळताना एखाद्याची लाइन तुटली किंवा तो नेहमीच्या वेळी आलाच नाही, तर समोरच्याचा विरस होऊ नये म्हणून त्याची जागा राखायची. सर्व्हरच बंद पडला, तर त्याचं दार धरून खेळही चालू ठेवायचा. जुन्या पत्त्यापायी तिचा सर्व्हर कोसळला त्या दिवशी याने ते इमानदारीने केलं होतं.

जागा राखायची म्हणजे त्या माणसासारखं खेळायचं आणि त्याच्यासारखं बोलायचं. यासाठी माणसाचं मन कळावं लागत नाही. माणूस समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा काही नवीन करतो. कुठल्या प्रश्नाला किती वेळ थांबून उत्तर देतो, कुठला शब्द आखडतो, कुठे विषय बदलतो, हे पुरेसं साठलं की पुढचं वाक्य बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. या यंत्राजवळ तर उर्मिलाचं तीन वर्षांचं बोलणं साठलेलं होतं. दुसऱ्याच्या पडद्यावर अशा राखणाऱ्याच्या नावाशेजारी, हा खरा माणूस नव्हे याची खूण म्हणून, झाडाचं एक फिकट पान दिसे. पण तळावरचा खेळ कमी चित्रांचा, हलका. त्यात ते पान दिसतच नव्हतं.

उर्मिलाने कुंदाताईला खोलीत बोलावलं आणि सगळं दाखवलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

कुंदाताईने चष्मा लावून स्क्रीन पाहिली. "म्हणजे राखणदार," ती म्हणाली. "गावच्या वेशीवर असतो तसा. पण त्याला निदान नारळ तरी देतात, म्हणजे तो आहे हे गावाला ठाऊक असतं." मग तिने विचारलं, "ती दुसरी उर्मिला आत्ता आहे का तिथे?"

उर्मिलाने पाहुणी म्हणून दुसऱ्याच नावाने खेळात प्रवेश केला. बेटावर दुपारचं ऊन होतं. बांध पुरा झाला होता, त्यामागे पाणी साठलं होतं. बांधावर तिचीच निळी साडी नेसलेली आकृती माडाला आळं करत होती. नावाशेजारी फिकट पान होतं.

पाहुणीने टाईप केलं, "तू कोण?"

आकृती वळली. थोडा वेळ गेला. अगदी तेवढाच, जेवढा उर्मिलाला लागला असता.

"मी उर्मिला. आपण ओळखतो का? बसा ना, उन्हातून आलात."

कुंदाताई खुर्चीत मागे सरली. "असंच म्हणतेस तू," ती पुटपुटली. "दारात आलेल्या प्रत्येकाला."

"निरंजन कसा आहे?" उर्मिलाने विचारलं.

"बरा आहे. दमतो फार. पण सांगत नाही."

उर्मिलाने खेळ बंद केला. निरंजन दमतो हे तिला माहीत नव्हतं. निदान, माहीत असल्याचं तिला आठवत नव्हतं.

बुधवारी निरंजनचा ठरलेला फोन आला. ती सगळं सांगायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "कागद झाले बरं का. खोल समुद्रातल्या नव्या तळावर दोन वर्षं. काल सही केली."

"कसली दोन वर्षं?"

"उर्मिला, आपलं बोलणं झालंय."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. खेळात. मी विचारलं, जाऊ का? तू म्हणालीस, 'तुला पटतंय ना, मग झालं.'"

 वाक्य तिचंच होतं. माड कुठे लावू, होडीला शीड किती मोठं करू, असं निरंजनने विचारलं की ती नेहमी हेच लिहायची. पेपर तपासता तपासता, भाजी परतता परतता, एका हाताने.

"ती मी नव्हते," ती म्हणाली. आणि सर्व्हर, राउटर, दार, राखणदार, सगळं तिने भराभर सांगितलं.

पलीकडून फक्त खरखर येत होती.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," निरंजन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मग आत्ता बोलतेय ती कोण?"

"म्हणजे?"

"आम्हाला इथे सूचना आहे. घरच्यांच्या आवाजात फोन येतात. सही मागे घ्या म्हणतात, पैसे पाठवा म्हणतात. दोघांना आलेत. रविवारी माझ्याशी तासभर गोड बोलणारी उर्मिला खोटी, आणि आज सही झाल्या झाल्या नाही म्हणणारी खरी, हे मी कशावरून मानू? काहीतरी सांग, जे फक्त तुला माहीत आहे."

उर्मिलाने आठवायला सुरुवात केली. त्याच्या गुडघ्याचं दुखणं, तिच्या वडिलांचं शेवटचं आजारपण, पुण्याच्या फ्लॅटवरून झालेला वाद. प्रत्येक वेळी तिच्या लक्षात येई की हे आपण बेटावर बोललो आहोत. तीन वर्षांत दोघं जे काही मनापासून बोलले होते, ते सगळं तिथेच बोलले होते. त्याआधीच्या आठवणीही तिथेच निघाल्या होत्या. तिला माहीत असलेलं सगळं त्या दुसरीलाही माहीत होतं.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

"मग?"

"तू शनिवारी डॉक्टरी तपासणीसाठी दिवसभर जयगडला उतरणार आहेस ना? मी जेटीवर येते."

तो बरं म्हणाला, पण कसा, ते तिला कळलं नाही.

त्या रात्रीपासून वारा सुटला. गुरुवारी सकाळी तिने तळाच्या किनाऱ्यावरच्या कचेरीत फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की वादळामुळे उपग्रहाची लाइन पहाटेपासून बंद आहे, तळावरून काहीही येत-जात नाही, पण माणसं सुखरूप आहेत. उर्मिलाने आभार मानले. मग सहज, खरं तर सहज नव्हे, तिने कॉम्प्युटर लावला आणि पाहुणी म्हणून बेटावर गेली.

निळ्या साडीतली उर्मिला बांधावर बसली होती. तिच्या शेजारी निरंजन बसला होता. दोघांच्या नावांशेजारी फिकट पानं होती.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"हो. तू?"

"झालं मघाशी. पलीकडच्या तीरावर फणस लावू या का?"

"लावू या. तू म्हणशील तिथे."

"तुला पटतंय ना, मग झालं."

दोघं उठली, कुदळी घेतल्या आणि पलीकडच्या तीरावर निघाली. घाई नव्हती, कंटाळा नव्हता. खरी दोघं तिथे नाहीत याने त्यांचं काही अडत नव्हतं. उर्मिलाच्या मागे कुंदाताई चहाचा कप घेऊन कधीची उभी होती.

"बंद कर हे," ती म्हणाली.

"निरंजनला दाखवायचं होतं."

"त्याला काय दाखवशील? तो म्हणेल, मी नाही तो. मग तू म्हणशील, मी नाही ती. मग खेळत कोण होतं एवढी वर्षं?"

 राखणदार असा बंद होत नव्हता, म्हणून आधी तिने त्याची आपोआप उठण्याची सोय काढली, मग त्याचा सगळा साठा पुसला, मग तो बंद केला. दार मोकळं झालं. आता तिचा सर्व्हर सुरू झाला असता. तिने तो सुरू केला नाही.

शनिवारी ती एसटीने जयगडला गेली. वादळ ओसरलं होतं, पण पाणी गढूळ होतं. तळाची बोट लागली, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं उतरली. त्यांत निरंजन होता. दाढी वाढलेली, एक खांदा थोडा खाली झुकलेला. तिला पाहून तो थांबला, आणि लगेच पुढे आला नाही. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून, हातांवरून फिरली. नवऱ्याने इतक्या बारकाईने आपल्याकडे शेवटचं कधी पाहिलं, हे तिला आठवेना. आणि ते प्रेमाने नव्हतं, खात्रीसाठी होतं. तीही त्याच्याकडे तशीच पाहत होती.

"आलीस," तो म्हणाला.

"म्हटलं होतं ना."

जेटीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. बाकावर दोघं बसली. त्याने तळव्यांत कप धरला, तेव्हा त्याच्या बोटांवर भाजल्याचा जुना डाग दिसला. हा कधीचा, असं विचारायचं तिच्या तोंडावर आलं. तिने गुरुवारचं सांगितलं. ती दोघं, कुदळी, फणस. तो ऐकत राहिला. हसला नाही.

"त्या दिवशी मी झोपलो होतो," तो म्हणाला. "दिवसभर. लाइन नव्हती, काम नव्हतं."

"निरंजन, एक विचारू? तुला कधीच शंका आली नाही?"

तो समुद्राकडे बघत होता. "आली," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तू खेळताना मध्येच 'आलेच' म्हणून उठतेस. कुकर असतो, दारावर कोणी असतं. मग तासाने येतेस, किंवा येतच नाहीस. मी बसून राहतो. ती एकदाही 'आलेच' म्हणाली नाही. बसून राहायची. मी काय सांगेन ते ऐकायची. मला वाटलं, तुझं परीक्षेचं काम संपलं असेल. मग वाटलं, नाही, ही उर्मिला नव्हे."

"हे तुला कधी वाटलं?"

त्याने कप बाकावर ठेवला.

"विचारायच्या आधी," तो म्हणाला.

उर्मिलाला आधी नीट कळलं नाही. मग कळलं. बोटीवर पिंपं चढवणारी माणसं एकमेकांना हाका मारत होती. तिने त्या हाका ऐकल्या आणि त्यांतला एकही शब्द तिला समजला नाही.

"म्हणजे ती मी नाही, अशी शंका असताना तू तिला विचारलंस."

"खात्री नव्हती."

"खात्री करून घेतली नाहीस."

"नाही." तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. किंवा तेच म्हणाली असतीस, तुला पटतंय ना, आणि माझ्या मनात राहिलं असतं की हिने ऐकलंही नाही. तिने निदान ऐकून घेतलं. मला जायचं होतं, उर्मिला. नवीन यंत्रं आहेत तिथे, असं काम पुन्हा मिळणार नाही. मला एक हो हवं होतं."

तिला राग आला, पण तो तिला वाटला होता तसा सरळ त्याच्यावर जाऊन पडेना. हो कुणाचं, हे त्याने तपासलं नाही. पण ते हो त्या यंत्राने कुठून घेतलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"तिला विचारलंस ते. मला विचार."

तो तिच्याकडे वळला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "मी आणखी दोन वर्षं जाऊ का?"

तिनेही वेळ घेतला. उत्तर तयार नव्हतं. दुपारचं रिकामं घर, कुंदाताईचं वाढतं वय, त्याचा झुकलेला खांदा, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्याच्या आवाजात यंत्रांचं नाव घेताना आलेला जोरही.

"नाही," ती म्हणाली. "मला नको आहे. तुला जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही. पण माझं हो बरोबर घेऊन जाऊ नकोस. ते मी दिलेलं नाही."

त्याने मान हलवली. मग दोघांनी आणखी एकेक चहा मागवला. त्याच्या बोटांवरच्या डागाचं तिने विचारलं, आणि त्याने सांगितलं. संध्याकाळी बोट सुटली तेव्हा तो कठड्याशी उभा होता. हात त्याने केला, तिनेही केला. तो काय करणार आहे, हे तिला माहीत नव्हतं.

पुढच्या बुधवारी फोन आला.

"साहेबांशी बोललो," निरंजन म्हणाला. "दोनाचं एक वर्ष करून घेतलं. त्यांनी विचारलं, का? म्हटलं, घरी नकार आहे."

"नकार आहे, आणि तरी तू चाललास."

"चाललोय. एक वर्ष."

"मला हे पटलेलं नाही."

"माहीत आहे. म्हणून सांगतोय."

"आणि कुंदाताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात, ते ठाऊक आहे तुला? मी एकटीने काय काय करायचं?"

"हे तू कधी सांगितलंस मला?"

"तू कधी विचारलंस?"

त्याचा आवाज चढला, तिचाही चढला. शेजारच्या खोलीत कुंदाताईने रेडिओ बारीक केला. निरंजन काहीतरी जोरात म्हणू लागला, "उर्मिला, तू नेहमी..." आणि लाइन तुटली.

खरखर थांबली. पलीकडे कोणी नव्हतं. तुटलेलं वाक्य कोणी पुरं केलं नाही, जेवलीस का म्हणून कोणी विचारलं नाही. उर्मिला फोन हातात धरून बसून राहिली. त्याच्या पुढच्या शब्दाला द्यायचं उत्तर तिने मनात तयार ठेवलं होतं, आणि तो पुन्हा फोन लावतो का, याची ती वाट पाहत होती.